अ‍ॅनिमोन एका जागी बसतच नाहीये, पुन्हा पुन्हा चालायला लागतो, काय चुकतंय?

निळीटाकी
नमस्कार मंडळी, महिनाभर रात्री उठून उठून टॉर्च मारून बघतेय म्हणून शेवटी इथं लिहितेय. माझा १५० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळ ठेवलेला) आहे, खाली सम्प (गाळणीची वेगळी टाकी) नाही, मागे हँग-ऑन स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारा), दोन वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारे पंप) आणि वर एलईडी. टँक सुरू होऊन ८ महिने झाले. ऑसेलारिस क्लाउन माशांची जोडी आहे, एक क्लीनर श्रिम्प, थोडे झोआ आणि मशरूम कोरल, आणि एक टॉर्च कोरल. पाच आठवड्यांपूर्वी बबल टिप अ‍ॅनिमोन आणला (दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी), लालसर रंगाचा, पसरला की माझ्या तळहाताएवढा होतो. पहिले तीन-चार दिवस जिथं ठेवला तिथंच मस्त बसला, मला वाटलं झालं काम, आणि मग एका सकाळी बघते तर काचेवर, पार वर, पाण्याच्या जवळ. तेव्हापासून हेच चाललंय, दोन-तीन दिवस कुठेतरी बसतो, फुगतो, छान दिसतो आणि परत एका रात्रीत उठून दुसरीकडे.
टेस्ट सगळ्या करून बघितल्या, अमोनिया ०, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०६, केएच (पाण्याची क्षारता) ८.४, कॅल्शियम ४३०, तापमान २५ ते २६ च्या मध्ये, सॅलिनिटी (खारटपणा) १.०२६. माझ्या बाजूनं काय काय केलं तेही सांगते, तीन वेळा त्याला हातानं अलगद सोडवून परत मूळ दगडावर ठेवलं, प्रकाश कमी पडत असेल म्हणून एलईडी २० टक्के वाढवला, फ्लो जास्त होत असेल म्हणून एक वेव्हमेकर बंद केला, आणि ताकद यावी म्हणून रोज कोळंबीचा तुकडा देतेय. तोंड बंद असतं, टेंटॅकल हाताला चिकटतात, म्हणजे मरायला टेकलाय असं वाटत नाही. पण मग बसत का नाही? क्लाउन खरं तर अ‍ॅनिमोनमध्ये राहणारे मासे, पण ते त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, ते टॉर्चमध्ये झोपतात. प्लीज सांगा, मला हा जीव गमवायचा नाहीये.

खाराखडक
ताई बाकी सगळं नंतर, आज रात्री झोपायच्या आधी दोन्ही वेव्हमेकरला जाळी किंवा खडबडीत फोम गुंडाळा, आणि स्किमरच्या इनटेकलाही. हे आधी करा मग पुढचं वाचा.
माझा पहिला अ‍ॅनिमोन असाच फिरत होता, मी म्हटलं फिरू दे, स्वतःची जागा शोधेल, आणि एका रात्री तो वेव्हमेकरमध्ये गेला. सकाळी टँक दुधाळ झाला होता, एक टँग मासा आणि दोन श्रिम्प दुपारपर्यंत गेले. अ‍ॅनिमोन चिरडला की त्याच्या शरीरातलं सगळं आणि डंखाच्या पेशी पाण्यात पसरतात, सडायला लागला की अमोनिया वर जातो, छोट्या टँकमध्ये ते सावरायला वेळच मिळत नाही. तुम्ही जो वेव्हमेकर बंद केलाय ना, तो तर जास्त धोक्याचा, कारण अ‍ॅनिमोन बंद पंपाच्या आत आरामात जाऊन बसतो आणि कुणीतरी विसरून स्विच चालू करतं. एकतर बंद आहे तो टँकमधून काढूनच घ्या नाहीतर जाळी लावून चालू ठेवा.
ताजा कार्बन (पाणी साफ करायला) आणि १०-१५ टक्के पाणी बदलता येईल इतकं मिठाचं पाणी कायम तयार असू द्या. लागणार नाही अशी आशा आहे पण असू द्या.

प्रवाळवेडा
जाळीबद्दल पूर्ण सहमत.
आता मुख्य गोष्ट, ताई, त्याला हात लावणं बंद करा. मला कळतंय की तुम्ही काळजीपोटीच करताय, पण अ‍ॅनिमोनचा पाय, म्हणजे खालची चिकटणारी चकती, फार नाजूक असते, एकदा फाटली की तिथून इन्फेक्शन घुसतं आणि बरेच अ‍ॅनिमोन त्यातच जातात. आणि दुसरं म्हणजे दर वेळी सोडवलं की त्याचा सगळा शोध पहिल्यापासून सुरू. तुम्ही ज्या दगडावर ठेवता ती जागा तुम्हाला आवडलेली आहे, समोरून छान दिसते म्हणून, त्याला ती नको असेल. बबल टिपला सपाट दगड आवडत नाही, त्याला पाय आत खोलवर खुपसता येईल अशी कपार लागते, जिथं पाय अंधारात आणि तोंड उजेडात राहील, आणि घाबरला तर सगळा आत ओढून घेता येईल. वाळूवर बसणारे वेगळे, हॅडोनी कार्पेट किंवा लाँग टेंटॅकल या जातींना खोल वाळू लागते, बबल टिपला दगड. तुमच्या रॉकवर्कमध्ये अंगठा आत जाईल अशी भोकं आहेत का? नसतील तर दोन दगड एकमेकांना टेकवून एक फट तयार करा, पण एकदाच करा आणि मग रॉकवर्कला हात नाही.
खाणंही कमी करा, रोजचं फार झालं. त्याचं मुख्य जेवण प्रकाशातून येतं, अंगात झूझँथेली, म्हणजे सूक्ष्म शेवाळं, असतात त्या प्रकाशावर अन्न बनवतात आणि याला देतात, वरून दिलेलं अन्न म्हणजे जोड. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, छोटा तुकडा, तोंडाच्या रुंदीपेक्षा मोठा नाही. मोठा तुकडा दिला की रात्री अर्धवट पचलेला बाहेर टाकतो आणि तुमचा नायट्रेट वाढवतो. आणि चालणाऱ्या अ‍ॅनिमोनला तर अजिबात भरवू नका, आधी पाय रोवू दे.
प्रकाश तुम्ही एकदम २० टक्के वाढवला ते मला खटकतंय. परत आधीच्या पातळीवर आणा, वाढवायचाच असेल तर आठवड्याला दोन-तीन टक्के असं वाढवा. तो वर काचेवर गेला म्हणजे प्रकाश कमी पडतोय असं सगळे म्हणतात, होतंही तसं बऱ्याचदा, पण तुमचा तर वाढवल्यावरही फिरतोय म्हणजे कारण दुसरीकडे आहे. एक विचारतो, रंग कसा आहे? फिकट, पांढरट होत चाललाय का? तसं असेल तर झूझँथेली कमी होताहेत आणि मग चित्र वेगळं.

शेवाळशत्रू
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. ८ महिन्यांचा टँक अ‍ॅनिमोनसाठी लवकर आहे. मी स्वतः वर्षभर थांबलो, आणि सगळ्यांना तेच सांगतो. नवीन टँकमध्ये पॅरामीटर कागदावर बरोबर दिसतात पण आतून अजून सगळं हलत असतं. माझा सल्ला, कुणाचा जुना मोठा टँक असेल तर त्यांच्याकडे काही महिने ठेवा आणि नंतर परत आणा.

प्रवाळवेडा
@शेवाळशत्रू वर्ष थांबावं हे मीही नवीन लोकांना सांगतो, पण आता तो आणलेला आहे, पाच आठवडे जगलाय, तोंड घट्ट आहे, चिकटतोय. अशा वेळी काढून, पिशवीत घालून, दुसऱ्या पाण्यात टाकणं हा त्याच्यावर आणखी एक धक्का आहे. शिवाय महिने मोजून काही कळत नाही हो, मी दोन वर्षांचे टँक बघितलेत जिथं हीटर अडकून पाणी दिवसातून तीन अंश वरखाली होतं, आणि सहा महिन्यांचे बघितलेत जे एका रेषेत चालतात. प्रश्न इतकाच आहे की तिथं काय बदलतंय.

निळीटाकी
सगळ्यांचे मनापासून आभार. जाळी काल रात्रीच लावली, बंद वेव्हमेकर काढून घेतला. प्रकाश परत खाली आणला. खाणं बंद.
@प्रवाळवेडा रंग फिकट नाही, उलट आणला तेव्हापेक्षा गडद झालाय. टोकांचे बबल मात्र गेलेत, लांब बोटांसारखे टेंटॅकल झालेत. कपारी आहेत दोन-तीन, एकीत तो तीन दिवस बसलाही होता, पाय आत, अगदी तुम्ही म्हणता तसा, आणि मग तिथूनही उठला. म्हणून तर मला कळेनासं झालंय.
मी कॅलेंडरवर तो उठला त्या रात्री लिहून ठेवल्यात. मागच्या तीन आठवड्यांच्या बघितल्या तर बुधवार, रविवार, बुधवार, मग एक रविवार काहीच नाही (त्या दिवशी आम्ही बाहेर होतो), मग बुधवार, रविवार. याला काही अर्थ आहे की मी उगाच शोधतेय?

थेंबथेंब
खूप अर्थ आहे. तुम्ही बुधवारी आणि रविवारी टँकमध्ये काय करता?

निळीटाकी
काच पुसते, स्किमरचा कप धुते, आणि उडालेलं पाणी भरते. आरओचं पाणी, टीडीएस ०. बादलीनं, डाव्या कोपऱ्यातून ओतते. पाणी बदल मात्र महिन्यातून एकदाच.

थेंबथेंब
किती लिटर भरता एका वेळी? आणि सॅलिनिटी कधी मोजता, भरायच्या आधी की नंतर? आणि डाव्या कोपऱ्यात वेव्हमेकर आहे का?

निळीटाकी
रोज साधारण दोन लिटर उडतं, वर झाकण नाही आणि पंखा असतो, म्हणजे बुधवारी सहा आणि रविवारी आठ लिटर. सॅलिनिटी रविवारी मोजते, सगळं आवरून झाल्यावर, म्हणजे भरल्यानंतर. आणि हो, डावीकडेच वेव्हमेकर आहे, त्याच्या बरोबर वर ओतते, पटकन मिसळावं म्हणून.
अरे देवा.

थेंबथेंब
अगदी तेच. जरा गणित करू. १५० लिटरमध्ये दगड आणि वाळू धरून खरं पाणी समजा १३० लिटर. पाणी उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं, म्हणजे ३५ पीपीटीवरून (हजार भागांत ३५ भाग मीठ, तेच तुमचं १.०२६) चार दिवसांत आठ लिटर उडाल्यावर ३७ च्या वर जातं. मग तुम्ही आठ लिटर गोडं पाणी काही मिनिटांत घालता आणि परत ३५ करता आणि मोजता, मीटर १.०२६ दाखवतो, तुम्ही समाधानी. मीटर बरोबरच आहे, फक्त तुम्ही नेमक्या त्या एका क्षणी मोजता जेव्हा सगळं ठीक असतं. बाकी आठवडाभर पाणी हळूहळू खारट होत जातं आणि दोनदा धाडकन खाली येतं.
माशाला हे चालून जातं, त्याचं शरीर मिठाचा तोल सांभाळू शकतं. अ‍ॅनिमोनला ती सोय नाही. बाहेरचं पाणी जेवढं खारट तेवढाच तो आतून, आणि तो जो फुगलेला दिसतो ना तो म्हणजे तोंडातून आत घेतलेलं टँकचंच पाणी आहे. त्यातून तुम्ही गोडं पाणी वेव्हमेकरच्या वर ओतता, ते हलकं असतं, वरच तरंगतं, वेव्हमेकर ते ओढतो आणि नीट मिसळायच्या आत सरळ समोरच्या दगडावर फेकतो. समोर कोण बसलंय ते तुम्हाला माहीत आहे. ज्या रविवारी तुम्ही घरी नव्हता त्या रविवारी तो उठला नाही, हे त्यानंच सांगितलं की तुम्हाला.
उपाय सोपा आहे, एटीओ लावा, म्हणजे सेन्सरवाला ऑटो टॉप-अप. उडेल तसं दिवसभर थोडं थोडं पाणी येत राहील. फक्त त्याची पाण्याची बरणी छोटी ठेवा, चार-पाच लिटरची, कारण सेन्सर कधी अडकला तर पूर्ण बरणी टँकमध्ये जाईल, ती पाच लिटरची असेल तर निभावून जाईल, पंचवीसची असेल तर नाही. एटीओ येईपर्यंत रोज रात्री दोन लिटर, एअरलाइनच्या नळीला सैल गाठ मारून थेंब थेंब सोडा, दोन तासांत संपेल इतकं हळू, आणि नळी स्किमर परत पाणी सोडतो तिथं लावा. काचेवर बाहेरून मार्करनं पाण्याची रेघ मारून ठेवा, रोज त्या रेघेपर्यंत.
आणि एक, रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटीचा मीटर) ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन लिक्विडनं लावा, आरओच्या पाण्यानं शून्यावर लावलेला मीटर शून्याला बरोबर असतो पण ३५ ला बरोबर असेलच असं नाही.

शेवाळशत्रू
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझा आधीचा सल्ला मागे घेतो, कुठे हलवू नका त्याला.

खाराखडक
कॅलेंडर लिहून ठेवलं म्हणून हे सापडलं. मी माझ्या वेळी काही लिहिलं नव्हतं.
बबल गेले म्हणून मात्र घाबरू नका, माझ्याकडे आता जो आहे त्याचे कधी बबल असतात कधी लांब बोटं, तब्येत दोन्ही वेळेला उत्तम. आणि अधूनमधून पूर्ण आकसून गोळा होईल, तोंडातून तपकिरी चिकट तार बाहेर टाकेल, ते त्याचं पोट साफ करणं आहे, काही तासांत परत फुगतो. घाबरायचं ते तोंड सैल पडून उघडं राहिलं, दिवसभर फुगलाच नाही आणि अंगाचे तुकडे सुटायला लागले तर. तेव्हा वाट बघायची नाही, बाहेर काढायचा. वास आला की समजायचं उशीर झालाय.

निळीटाकी
साडेतीन आठवड्यांनी परत लिहितेय, मधे मुद्दामच लिहिलं नाही, आधी खात्री करून घ्यायची होती.
पहिले नऊ दिवस नळीनं थेंब थेंब पाणी सोडलं, मग एटीओ आला. सॅलिनिटी आता रोज सकाळी मोजते, ३५ च्या आजूबाजूला एका रेषेत आहे. मीटरही लिक्विडनं लावून घेतला, तो अर्धा पीपीटी जास्त दाखवत होता. पहिल्या आठवड्यात अ‍ॅनिमोन एकदा चालला, उजवीकडच्या दोन दगडांच्या फटीत गेला, मला वाटलं परत सुरू झालं. पण तेव्हापासून १९ दिवस झाले, हलला नाही. मी हात लावला नाही, एकदाही. पाय इतका आत गेलाय की दिसतच नाही, दुपारी पूर्ण प्रकाशात पसरतो तेव्हा दोन्ही दगड झाकून टाकतो, आणि चार-पाच टेंटॅकलच्या टोकांना परत फुगे आलेत. समोरून नीट दिसत नाही, बाजूच्या काचेशी जाऊन बसावं लागतं बघायला, मी तिथं एक स्टूल ठेवलंय.
दोन प्रश्न. क्लाउन अजूनही त्याच्याकडे जात नाहीत, काही करावं का? आणि तो जिथं बसलाय तिथून टॉर्च कोरल जेमतेम दहा सेंटिमीटरवर आहे, पूर्ण पसरला की टोकं जवळजवळ टेकतात.

प्रवाळवेडा
वाचून फार फार बरं वाटलं ताई. १९ दिवस एका जागी म्हणजे जागा पसंत पडली असं धरा.
क्लाउनचं काही करू नका. निसर्गात ऑसेलारिस बबल टिपमध्ये राहतच नाहीत, त्यांचे तीन अ‍ॅनिमोन ठरलेले, मॅग्निफिका, गिगँशिया कार्पेट आणि मर्टेन्सी कार्पेट. बबल टिपमध्ये राहतात ते मॅरून क्लाउनसारखे दुसरे. टँकमध्ये वाढलेले ऑसेलारिस बऱ्याचदा बबल टिप स्वीकारतात, कधी पहिल्याच तासाला, कधी वर्षानं, कधी कधीच नाही. खरं सांगू का, सध्या ते लांब आहेत ते चांगलंच आहे. नुकता बसलेला, तळहाताएवढा अ‍ॅनिमोन आणि त्यात दिवसभर घुसळणारी जोडी, त्यानंच बरेच अ‍ॅनिमोन वैतागून परत चालायला लागतात. अ‍ॅनिमोनला क्लाउनची गरज नसते, तो एकटा मजेत राहतो.
आणि आयुष्य म्हणाल तर तुमच्यापुढे बराच काळ आहे. १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून सर जॉन डॅलियेल यांनी एक अ‍ॅनिमोन उचलून बरणीत ठेवला होता, जात वेगळी, थंड पाण्यातली, लोक पुढे तिला ग्रॅनी म्हणायला लागले. डॅलियेल १८५१ ला गेले, ती १८८७ पर्यंत जगली, एकानंतर एक माणसं तिचं पाणी बदलत राहिली. ना एलईडी ना पंप.

थेंबथेंब
टॉर्चबद्दल, कोरल हलवा, अ‍ॅनिमोन नाही. टॉर्चचा डंख चांगलाच जोराचा असतो, पण अ‍ॅनिमोन आणखी वाढणार, दोघांचंही नुकसान होईल. टॉर्चचा सांगाडा दगडी असतो, खालून धरून उचलता येतो, आधी हात हलवून आकसून घ्या मग उचला. निदान २५-३० सेंटिमीटर लांब ठेवा, आणि फ्लोच्या दिशेत दोघं एकामागं एक येणार नाहीत असं. खालच्या बाजूला आधी कमी प्रकाशात ठेवून मग हळूहळू वर आणा.
अ‍ॅनिमोनला आता खायला द्यायला हरकत नाही, आठवड्यातून एकदा. क्लीनर श्रिम्पवर लक्ष ठेवा, तो तोंडात हात घालून तुकडा काढून घेतो आणि त्यात अ‍ॅनिमोनला इजा होते. आधी श्रिम्पला दुसऱ्या टोकाला पोटभर द्या, मग पाच मिनिटांनी इकडे.

निळीटाकी
आज दुपारी टॉर्च हलवला, डाव्या टोकाला, वाळूजवळ. संध्याकाळपर्यंत अर्धा उघडला. क्लाउन दोन तास जुन्या जागेवर घिरट्या घालत होते, मग दोघंही टॉर्चच्या मागे डावीकडे गेले, आता तिथंच झोपलेत.
अ‍ॅनिमोन जागच्या जागी. श्रिम्पला आधी दिलं, मग याला माझ्या करंगळीच्या नखाएवढा तुकडा, एक-एक करून टेंटॅकल मिटत गेले आणि पाच मिनिटांत तुकडा आत. पुढचा पुढच्या आठवड्यात.

खाराखडक
रात्री एकदा जाळ्या तपासा ताई, महिनाभरात शेवाळानं भरतात आणि पंप तापतो. ब्रशनं घासून परत लावा, पण काढून ठेवू नका, बसला असला तरी.

निळीटाकी
हो, आत्ताच बघितल्या, डावीकडची बरीच भरली होती. घासून लावली.